विचारायचं कशासाठी? संवादातलं तंत्र आणि खरेपणा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



संवादकौशल्य हा शब्द आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. शिक्षकांचं प्रशिक्षण असो, आशाताईंचं असो, वनरक्षकांचं असो की बँकेतल्या नव्या कर्मचाऱ्यांचं, एक तास संवादकौशल्याचा असतोच. त्या तासात काय सांगतात तेही तुम्हाला पाठ असेल. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. अधूनमधून मान हलवा. त्याचं बोलणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवा. आधी कौतुक करा, मग चूक सांगा, शेवटी पुन्हा कौतुक करा. या शेवटच्याला सँडविच पद्धत म्हणतात.

याच्या अगदी उलट बोलणारी मंडळीही असतात. त्यांचं म्हणणं असं की हे सगळं नाटक आहे. माणूस आतून खरा असला की पुरे. तळमळ असली की शब्द आपोआप सुचतात.

आता यातलं बरोबर कोण? मला वाटतं, हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. तंत्र वापरणारा खोटा आणि न वापरणारा खरा, असं काही नसतं. कसोटी दुसरीच आहे आणि ती साधी आहे. मी समोरच्याला काही विचारलं, त्याने उत्तर दिलं. त्या उत्तराने मी पुढे जे करणार होतो त्यात काही बदल होऊ शकतो का? होऊ शकत असेल, तर माझं विचारणं खरं, मग मी ते प्रशिक्षणात शिकलेल्या पद्धतीने विचारलेलं का असेना. आणि काहीच बदलणार नसेल, तर कितीही गोड आवाजात विचारलं तरी ते खोटं.

ही गोष्ट मी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या उदाहरणांवरून मांडणार आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला, पण जंगल दोन्हीकडे एकच. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली, इतक्या भाषा या पट्ट्यात बोलल्या जातात. बाहेरून येणारा डॉक्टर, शिक्षक, अधिकारी पहिल्या दिवशीच भाषेपाशी अडतो. संवाद फसला तर त्याची किंमत इथे लवकर दिसते. आणि म्हणूनच गेल्या पन्नास वर्षांत संवादाचे काही अस्सल प्रयोगही इथेच झाले.

नुसती तळमळ पुरत नाही

सुरुवात तंत्राच्या बाजूने करू, कारण आपल्याकडे तंत्राला नावं ठेवणं फार सोपं असतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. गावात सुईणी होत्या. त्यांच्याकडे माया होती, अनुभव होता, गावाचा विश्वास होता. म्हणजे ज्याला आपण खरेपणा म्हणतो तो सगळा होता. पण न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. मिनिटाला पन्नास, साठ श्वास. आणि यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, दहा-बाराच्या पुढे मोजणं अवघड.

मग ‘सर्च’ने एक साधं उपकरण बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा, एक अगदी तान्ह्या बाळासाठी आणि एक थोड्या मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाला औषध हवं. झालं. कधी शाळेत न गेलेली बाई न्यूमोनिया ओळखू लागली.

पुढे नवजात बाळांच्या घरोघरी देखभालीचं काम झालं. ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं. याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या गावांत ही सेवा नव्हती त्यांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं.

हे तंत्र आहे. घोटून घेतलेलं, पायरीपायरीने शिकवलेलं तंत्र. मायेच्या बाईला ते शिकवल्याने तिची माया कमी झाली का? उलट मायेला हात मिळाले. म्हणून ‘मी मनापासून बोलतो, मला पद्धतीची गरज नाही’ असं कुणी म्हटलं की मला त्या मण्यांची आठवण येते. आपली तळमळ आपल्याला दिसते हो, समोरच्याच्या ती कामाला येते का, हे वेगळं बघावं लागतं.

तंत्र कुठे पोकळ होतं

आता दुसरी बाजू.

हेच काम पुढे देशभर गेलं. २०११ पासून आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सोबत एक फॉर्म असतो, त्यात प्रश्न असतात.

कल्पना करा, ताई घरी आली. बसली. फॉर्म काढला.

‘बाळाला अंगावर पाजतेस ना?’

‘हो ना बाई, पाजतो.’ आमच्याकडे बाईसुद्धा ‘पाजतो, जातो’ असंच म्हणते.

टिक. पुढचा प्रश्न.

भेट झाली, फॉर्म भरला, आवाजही गोड होता. आता हाच प्रश्न जरा वेगळा विचारू.

‘काल रात्री किती वेळा पाजलंस?’

‘रात्री कुठचं बाई. झोपूनच होता. उठवलं तरी तोंड नाही लावलं.’

बघा, नवजात बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, हे धोक्याचं लक्षण आहे. पहिल्या प्रश्नात ते बाहेर आलं नाही, दुसऱ्यात आलं. आई दोन्ही वेळा खरंच बोलत होती. फरक प्रश्नात होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. ‘ना?’ लावून विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणं कुठल्याही सुनेला जड जातं, त्यात सासू शेजारी बसलेली.

इथे मी ताईला दोष देत नाहीये. तिच्यामागे वीस घरं, चार रजिस्टरं आणि महिन्याचा अहवाल असतो. वरून जेव्हा ‘फॉर्म भरला का’ एवढंच विचारलं जातं, तेव्हा खालीही तेवढंच विचारलं जातं. वरच्या माणसाने ताईला ‘या महिन्यात कुठल्या घरात काळजी वाटली?’ असं विचारलं, तर ताईही घरात गेल्यावर तसंच विचारेल. संवादाचा खोटेपणा बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावातून येत नाही, तो कामाच्या रचनेतून येतो.

आणि एक लक्षात घ्या. दुसरा प्रश्नसुद्धा तंत्रच आहे. हो-नाहीत उत्तर संपणार नाही असा प्रश्न विचारायचा, हे प्रशिक्षणातच शिकवतात. म्हणजे तंत्र इथेही होतं, फक्त ते उत्तराला आत येऊ देणारं होतं.

समुपदेशनाच्या जगातही हे घडून गेलंय. कार्ल रॉजर्स हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९५७ साली त्यांनी मांडलं की समोरचा माणूस बदलायचा असेल तर मदत करणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात: आतबाहेर एक असणं, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं. लोकांनी यातून काय उचललं? समोरच्याचं वाक्य परत म्हणायचं! ‘मला खूप एकटं वाटतं.’ ‘म्हणजे तुम्हाला एकटं वाटतंय.’ पुढे रॉजर्सनीच लिहिलंय की आपल्या म्हणण्याचा असा विपर्यास पाहून त्यांना इतका धक्का बसला की कित्येक वर्षं त्यांनी या विषयावर बोलणंच टाळलं.

व्यसनमुक्तीतही तेच. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. त्यात रुग्णाला उपदेश करायचा नाही, सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. पद्धत लोकप्रिय झाली. मग १९९५ मध्ये मिलर आणि त्यांचे सहकारी स्टीफन रोलनिक यांना मुद्दाम लेख लिहून सांगावं लागलं की बाबांनो, या पद्धतीचा गाभा सांभाळा, नुसत्या युक्त्या म्हणजे ही पद्धत नव्हे. आपल्या भागात हा विषय घरोघरचा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. कायदा येवो-जावो, पिणाऱ्याशी बोलणारा कुणीतरी लागतोच. त्याने ‘तुला स्वतःला काय वाटतं?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता छापील पत्रक हातात दिलं, तर पिणारा एका क्षणात ओळखतो. त्याला आयुष्यभर उपदेशाचीच सवय असते ना.

उत्तराने दवाखाना बदलला

मग उत्तराने खरंच काही बदलतं तेव्हा ते कसं दिसतं?

‘सर्च’च्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट डॉ. अभय बंग यांनी अनेक भाषणांत सांगितली आहे. आदिवासी दवाखान्यात येत का नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं अशी आली की वैद्यकीय महाविद्यालयात बसून ती सुचली नसती. दवाखान्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात. आमच्यात पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात. आमच्या माणसाला आत नेतात आणि आम्हाला बाहेर काढतात. आणि तिथे आमचा देव नाही.

आता ही उत्तरं ऐकून दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे मान हलवायची, ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो’ म्हणायचं आणि नेहमीचीच इमारत बांधायची. त्यांनी दुसरी गोष्ट केली. शोधग्रामचा दवाखाना गावातल्या घरांसारखा, झोपड्यांचा केला. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल अशी सोय केली. आणि त्याचं नाव ठेवलं माँ दंतेश्वरी दवाखाना, आदिवासींच्या देवीचं नाव.

अशा वेळी समोरच्याला ‘आम्ही तुमचं ऐकतो’ हे सांगावं लागत नाही. ऐकलेलं भिंतीत दिसतं, छपरात दिसतं.

याच काळातलं दुसरं उदाहरण. बायकांचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, असं तेव्हा सरकारी आणि जागतिक पातळीवरही धरून चाललं जायचं. गावोगावच्या बायका मात्र डॉ. राणी बंग यांच्याकडे अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, कंबरदुखी असं काय काय सांगायच्या. यातून दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास झाला आणि जानेवारी १९८९ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आरोग्याचा आजार होता. आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. हे दुखणं लपलेलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलेलं नव्हतं, आणि विचारलं तरी त्या उत्तरासाठी आरोग्यसेवेत रकानाच नव्हता. बायकांच्या बोलण्याने संशोधनाचा प्रश्नच बदलला.

हेमलकसा: वेशाची नक्कल करता येते, वर्षांची नाही

भामरागड तालुक्यातलं हेमलकसा सगळ्यांना माहीत आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. माडिया लोक सुरुवातीला फिरकत नव्हते. भाषा कळत नव्हती. मग हे दोघे माडिया शिकले. डॉ. प्रकाश आमट्यांनी तर कपडेही बदलले, अर्धी चड्डी आणि बनियन. आजूबाजूच्या माणसांच्या अंगावर पुरेसं वस्त्र नसताना आपण सूटबूट कसा घालायचा, असा त्यामागचा विचार.

आता बघा, भाषा शिकणं हे तंत्र की खरेपणा? शब्द पाठ करायचे, उच्चार सुधारायचे, चुकायचं, लोक हसतात ते ऐकून घ्यायचं. ही सगळी तंत्राचीच मेहनत. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप घडते. शिकत असता तेव्हा माडिया माणूस गुरू असतो आणि डॉक्टर विद्यार्थी. रुग्ण डॉक्टरची चूक दुरुस्त करू शकतो. मी जी कसोटी सांगितली ती इथे रोज पास होते.

कपड्यांचं तसं नाही. उद्या एखादा तरुण कार्यकर्ता आठ दिवसांसाठी येऊन बनियन घालून फिरला तर ते नाटकच वाटेल. वस्त्र तेच, पण त्याच्यामागे पन्नास वर्षं नाहीत. एका माणसाने किंमत मोजून उचललेली गोष्ट दुसऱ्याने युक्ती म्हणून उचलली की ती पोकळ होते. प्रशिक्षणांत नेमकं हेच होतं. थोर माणसांच्या लकबी शिकवल्या जातात, कारण त्या एका तासात शिकवता येतात.

मेंढा: ठरवायचं कुणी

तिसरं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा गाजली. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास गावाच्या हातात आले.

पण आज आपल्याला त्यांची बोलण्याची रीत बघायची आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि सोबत चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे दोन वेगळ्या बैठका रूढ केल्या. एक अभ्यास गट. त्यात बाहेरचा माणूस येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. तिथे निर्णय होत नाही. दुसरी ग्रामसभा. निर्णय तिथे होतो, गावकरीच घेतात आणि बहुमताने नाही तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या वेळेवर.

या रचनेत केवढी समज आहे बघा. बाहेरून आलेला जाणकार माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्या शिक्षणाचं, भाषेचं वजन सभेत पडतंच. तो नुसता ‘मला असं वाटतं’ म्हणाला तरी दहाजण गप्प होतात. म्हणून त्याने नम्र व्हावं, असं नुसतं सांगून भागत नाही. त्याला निर्णयाच्या जागेबाहेर बसवायचं. मग त्याला मोकळेपणी बोलता येतं आणि गावाला मोकळेपणी नाकारताही येतं. पहिल्या उदाहरणात खोटेपणा रचनेतून आला होता, इथे खरेपणाची सोय रचनेत केली आहे.

याच्या उलट चित्रही तुम्ही पाहिलं असेल. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. कागदावर ग्रामसभेला मान आहे. पण एखाद्या सभेत रंगीत कागद वाटतात, गट पाडतात, ‘तुमच्या कल्पना लिहा’ म्हणतात, आणि ठराव मात्र आधीच टाइप होऊन पिशवीत आलेला असतो. लोकसहभागाची सगळी तंत्रं बिनचूक वापरलेली. लोक कागदावर लिहितात, सही-अंगठा करतात आणि घरी जातात. पुढच्या सभेला कमी लोक येतात. मग अहवालात लिहिलं जातं, ‘ग्रामस्थ उदासीन आहेत.’ एकदा खोटं विचारलं की पुढच्या खऱ्या विचारण्यावरचाही विश्वास जातो. सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

मग अभिनय वाईट का?

इथे कुणी म्हणेल, मग ठरवून बोललेलं सगळंच खोटं का? नाही. आपण झाडीपट्टीची माणसं, आपल्याला हे चांगलं कळायला हवं. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की वडशाहून नाटक कंपन्या निघतात. रात्रभर नाटक. तोच नट आज या गावात रडतो, उद्या त्या गावात रडतो. परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. प्रेक्षक त्यांना खोटारडे म्हणत नाहीत, कारण पडदा, रंग, दिवे सगळं उघड असतं. हे नाटक आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं.

फसवणूक कधी होते? पडदा आहे, पण समोरच्याला तो दिसू दिला जात नाही तेव्हा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास मांडला. हसणं हेच त्यांचं काम होतं. त्यातून प्रवाशाला सुख मिळायचं, पण कित्येकींना पुढे आपलं हसू आपलं कुठलं आणि कंपनीचं कुठलं, हेच कळेनासं व्हायचं. म्हणजे लादलेलं तंत्र वापरणाऱ्यालाही आतून पोखरतं. आपल्याकडे कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या पोरापोरींना विचारा.

मैदानावर आणि घरात

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. गडचिरोली-चंद्रपुरात पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं धावताना दिसतील. सोळाशे मीटर, म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. प्रशिक्षक ओरडतो, ‘शाब्बास! छान! फक्त वेग वाढव! शाब्बास!’ सँडविच तयार. पण मुलाला त्यातून कळलं काय? वेग वाढवायचा हे त्याला आधीच माहीत होतं.

दुसरा प्रशिक्षक म्हणतो, ‘शेवटच्या फेरीत तू खांदे वर घेतोस आणि मुठी आवळतोस. तिथे काय होतं तुला?’ मुलगा म्हणतो, ‘सर, मागून कुणी येतंय असं वाटतं.’ आता प्रशिक्षकाला कळलं की अडचण दमाची कमी आणि भीतीची जास्त आहे. उद्याचा सराव तो वेगळा घेईल. इथे गोड बोलणं कुठेच नाही. पण मुलाला कळतं की हा माणूस माझ्याकडे बघतोय. कौतुकाच्या दोन पावांपेक्षा एक नेमकं निरीक्षण जास्त आदर दाखवतं.

घरात तर आपण सगळ्यात जास्त खोटे प्रश्न विचारतो. ‘तुला शेतीच करायची आहे की काही चांगलं करायचंय?’ ‘तुला पाहुण्यांकडे यायचंय ना?’ पोरगं भरतीत नापास होऊन घरी येतं. बाप म्हणतो, ‘बोल, मोकळेपणाने बोल.’ पोरगं म्हणतं, ‘मला पुन्हा द्यायची नाही परीक्षा.’ बाप लगेच, ‘असं कसं म्हणतोस?’ म्हणजे मोकळेपणाने बोल, पण मला हवं तेच. त्यापेक्षा बापाने सरळ म्हणावं, ‘मला वाटतं तू एकदा आणखी द्यावीस, मला काळजी वाटते.’ हे तंत्रशुद्ध नसेल, पण उघड आहे. पोरगं त्याच्याशी वाद तरी घालू शकतं.

तर थोडक्यात सांगतो. तंत्र जरूर शिका. श्वास मोजायला मणी लागतात आणि ऐकायलाही काही पद्धती लागतात. पण प्रश्न विचारण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला विचारा: याचं उत्तर मला नको असलेलं आलं, तर मी काय बदलणार आहे? काहीच बदलणार नसेल, तर विचारू नका. सरळ सांगा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमचं उद्दिष्ट वरून ठरलेलं असतं. लसीकरण करायचंच आहे. मग समोरच्याच्या उत्तराने काय बदलणार?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. सगळंच उघडं असतं असं मी म्हणत नाही. लस द्यावी की नाही, यावर तुमचं मत पक्कं आहे, तर ते लपवू नका. ‘माझं म्हणणं आहे की द्यावी’ असं म्हणा. पण बाकी खूप काही उघडं असतं. आज की मोहफुलं वेचून झाल्यावर? कुणाशी बोलायचं, आजीशी की बापाशी? मागच्या मुलाला लसीनंतर ताप आला म्हणून भीती आहे का? ताप आला तर काय करायचं आणि कुणाला बोलवायचं? या उत्तरांनी तुमचा दिवस, तुमचं बोलणं, कधी तुमची दुसरी फेरीसुद्धा बदलते. काय ठरलंय आणि काय ठरायचंय, हे दोन्ही वेगळं करून सांगितलं की लोकांना फसल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न: खरेपणा म्हणजे मनात येईल ते तोंडावर बोलणं का? आमच्या कार्यालयात एक जण ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणून सगळ्यांना दुखावतो.

उत्तर: नाही हो. रॉजर्स ज्याला आतबाहेर एक असणं म्हणतात, त्याचा अर्थ आत काय चाललंय ते स्वतःला माहीत असणं आणि ते नाकारून मुखवटा न घालणं. प्रत्येक गोष्ट बोलूनच दाखवायची असं नाही. तुमच्या स्पष्टवक्त्यालाही तीच कसोटी लावा. तो बोलल्यावर कुणी उलट उत्तर दिलं तर तो ऐकतो का? ऐकत नसेल तर तोही संवाद करत नाहीये. गोड बोलणारा जसा ठरवून आलेला असतो, तसाच हाही ठरवून आलाय.

प्रश्न: मी आरोग्य विभागात आहे. मला माडिया येत नाही, दुभाष्या घ्यावा लागतो. तिसरा माणूस मध्ये असताना खरेपणा कुठून आणायचा?

उत्तर: इथे तंत्रच उपयोगी पडेल. एक, बोलताना रुग्णाकडे बघा, दुभाष्याकडे नाही. ‘हिला विचार, पोट दुखतं का’ असं न म्हणता थेट तिलाच विचारा, दुभाष्या भाषांतर करेल. दोन, वाक्यं लहान ठेवा. एका श्वासात पाच सूचना दिल्या की दुभाष्या दोनच सांगतो. तीन, बायकांच्या तक्रारींसाठी शक्यतो बाईच दुभाषी घ्या, आणि ती नात्यातली नको. चार, शेवटी ‘समजलं का?’ असं कधीही विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘घरी गेल्यावर गोळी कशी घेणार ते मला सांग.’ तिने चुकीचं सांगितलं तर तिच्यावर रागावू नका. आपलं सांगणं कुठे कमी पडलं ते बघा आणि पुन्हा सांगा. आणि जाताना दोन शब्द माडियाचे शिकून घ्या, तिच्याचकडून.